अण्णानं ‘येतो’ म्हटलं, त्यात तुमचं काय गेलं?

कालपासून डोकं फिरलंय. रात्री ताटावरून उठलो, बायकोनं विचारलं काय झालं, तिच्यावरच खेकसलो. तिची काही चूक नव्हती. चूक ज्यांची होती ते आपापल्या घरी घोरत पडले असतील.

अण्णा चालला. सोलापुरातलं, साखर पेठेतलं घर विकलं, टॉवेलचे चार माग भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले. पोरगा हडपसरला आहे, म्हणून आता तिकडं. आज सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट होतं. काल संध्याकाळी नेहमीच्या वेळेला टपरीवर आला, हातात कापडी पिशवी. चहा बशीत ओतला, अर्धाच प्यायला. उठला, दोन्ही हात पँटला पुसले आणि म्हणाला, "बरं, येतो."

एवढंच म्हणाला!

तर टपरीवरच्या एका शहाण्याचं सुरू. "येतो कुठलं बे? जातो म्हण की. घर विकलास, माग विकलास, आता येतो कशाला, नळाला नंबर लावायला?" सगळे खिदळले. लगेच दुसऱ्यानं मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागला: येणे म्हणजे दुसरीकडून इकडं पोचणे. "बघ अण्णा, शब्दच चुकतोय तुझा." मग ‘येतो’वर वाद, ‘जातो’वर वाद, ‘जातो’ म्हटलं की माणूस मरतो काय यावर वाद. वीस मिनिटं! एकतीस वर्षांच्या दोस्तीतली शेवटची वीस मिनिटं यांनी एका क्रियापदावर घालवली. आणि अण्णा उभाच. बसावं तर निघालेला, निघावं तर कुणी नीट ‘ये’ म्हणेना. पिशवी या हातातून त्या हातात घेत होता. शेवटी कसंनुसं हसला आणि म्हणाला, "बरं बाबा, जातो."

त्याच्या तोंडून वदवून घेतलंत तुम्ही. त्यावर टाळ्या दिल्यात एकमेकांना.

तो गेल्यावर बाकावर पिशवी दिसली. आत टॉवेल. मागावर शेवटच्या बीमच्या सुतातून विणलेले, प्रत्येकाला एक, घडी घालून. द्यायचे होते त्याला आपल्या हातानं. बोलू दिलं का कुणी?

आणि ‘येतो’चा अर्थ विचारता? सोलापुरात राहून? साखर पेठेत तेलुगू माणूस दारातून निघताना ‘पोयि वस्ता’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. बाळीवेशीत कानडी माणूस ‘होगि बर्तीनि’ म्हणतो, तेही जाऊन येतो. आमचा मुसलमान शेजारी चप्पल घालताना ‘जाके आता’ म्हणतो. एवढ्या भाषा या एका गावात, आणि उंबऱ्यावर उभं राहून नुसतं ‘जातो’ कुणीच म्हणत नाही. आपल्या आज्या वेड्या होत्या काय? बांगडी फुटली तर वाढवली म्हणायच्या. दुकान बंद करताना आपण वाढवतो, नारळ फोडताना वाढवतो. गणपती पाण्यात सोडतानासुद्धा ‘पुनरागमनाय च’ म्हणतो. त्या वेळी काढता का मोबाइल? भटजींना विचारता का, मूर्ती विरघळल्यावर पुनरागमन कसलं म्हणून? ‘येतो’ हा निघायची परवानगी मागायचा शब्द आहे. समोरच्यानं ‘ये’ म्हणायचं असतं. ते एक अक्षर तुमच्याच्यानं निघालं नाही.

तिसऱ्याचं तर विचारूच नका. म्हणे, "हुतात्मानं चाललास, म्हणजे तूही हुतात्माच की." अरे, लाज वाटू दे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आपल्या सोलापूरचे हे चौघं स्वातंत्र्यासाठी 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या चार पुतळ्यांसमोरून रोज गाडी घेऊन जातोस, आणि तो शब्द तुला टिंगलीला सापडतो?

तशी ही खोड जुनीच आहे. गेल्या वर्षी एका निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देताना सूत्रसंचालक म्हणाला, "सर आज आपल्यातून जात आहेत." सरांच्या बायकोचं तोंड उतरलेलं मी पहिल्या रांगेतून पाहिलं. कुणाला काही वाटलं नाही. आणि ती पुण्याला गेलेली पोरं! दोन वर्षं तिकडं काढली की दिवाळीत येऊन आपल्यालाच शिकवतात, ‘बे’ म्हणू नका, ‘आहे’ला ‘हाय’ म्हणू नका. इथल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यावर हसतात. इथं काम मिळालं असतं तर गेला असतात का? अण्णा तरी गेला असता का? वंदे भारत झाली 2023 ला, विमानही उडायला लागलं. जायची सोय चोख झाली. पोराबाळांना इथं थांबवेल असा पगार कुठं आहे?

त्या पहिल्या शहाण्याला तर मी विसरणार नाही. याच्या पोरीच्या लग्नात गाडीची काच धरून हाच रडत होता. पोरगी "येते बाबा" म्हणाली तेव्हा अर्थ विचारला होतास का रे? "ये गं बाळा, ये," म्हणालास. मी शेजारी उभा होतो.

आणि मीही काल तोंड शिवून बसलो, हे मला जास्त टोचतंय. म्हणून पहाटे उठून स्टेशनवर गेलो. अण्णा डब्याच्या दारात होता. गाडी हलल्यावर ‘ये रे’ म्हणालो. त्याला ऐकू गेलं की नाही कळलं नाही.

दुपारी फोन आला. "पोचलो बे. आज आपल्याकडं पाण्याचा वार हाय, मोटर लावलास का?"

आपल्याकडं म्हणाला.

टॉवेल माझ्याकडं आहेत. ज्याला हवा त्यानं आधी अण्णाला फोन लावायचा, ‘ये’ म्हणायचं, मग घरी येऊन न्यायचा.