परिचारिकांची परीक्षा घ्या, संसर्ग आपोआप आटोक्यात येईल

आपण एखाद्या रुग्णालयाचा कारभार पाहत असाल आणि दाखल होऊन ४८ तास उलटल्यानंतर रुग्णांना नव्यानेच ताप भरू लागल्याच्या तक्रारी कानावर येत असतील, तर वॉर्डात बेसिन किती आणि त्यांतल्या किती नळांना पाणी येते हे मोजायला मुळीच जाऊ नये. त्याऐवजी एक प्रश्नावली छापून घ्यावी. रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे मूळ परिचारिकांच्या अज्ञानातच आहे, हा निष्कर्ष हाताशी तयार असल्याने प्रश्न काढायला फारसा वेळ लागत नाही.

हात कोणत्या पाच प्रसंगी स्वच्छ करावेत, अल्कोहोलयुक्त द्रावण किती वेळ चोळावे, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावावे की नाही, असे चार-दोन प्रश्न पुरेत. अडचण एवढीच की बहुतेक जणींना उत्तरे येतात. द्रावण २० ते ३० सेकंद चोळायचे, साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद द्यायचे, युरीन बॅग मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकवता लटकवायची, हे त्या झोपेतून उठवले तरी सांगतील. यावर खचून न जाता ‘आचरण’ हा रकाना उघडावा. तेथेही त्या ‘नेहमी’ या शब्दावर खूण करतील, कारण प्रश्नावली वरिष्ठांकडेच जाणार हे त्यांना ठाऊक असते. मग कोणाला तरी वही देऊन वॉर्डाच्या कोपऱ्यात उभे करावे. हात स्वच्छ ठेवण्यासंबंधीच्या अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नियम पाळण्याचे मध्यक प्रमाण ४० टक्के निघाले. अहवालात हा आकडा ठळक अक्षरांत द्यावा. त्याच आढाव्यात परिचारिकांचे प्रमाण ४८ आणि डॉक्टरांचे ३२ टक्के आहे, पण अहवाल आटोपशीर असावा, म्हणून तो तपशील गाळलेला बरा.

या कामी गणिताचा मोह कटाक्षाने टाळावा. एका पाळीत हात स्वच्छ करण्याचे १०० प्रसंग आले आणि प्रत्येकी ३० सेकंद धरली, तर ५० मिनिटे केवळ हात चोळण्यातच जातात, असला हिशेब कोणी मांडू लागले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग एका परिचारिकेकडे रुग्ण किती द्यावेत? हा प्रश्न संसर्ग नियंत्रणाचा नसून आस्थापना विभागाचा आहे, असे सांगून बैठक पुढे न्यावी. त्यातूनही कोणी अडून बसलेच, तर हातमोजे वाटावेत. मोजे घातल्याने हात धुण्याची गरज संपत नाही, आणि तेच मोजे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले तर जंतूंची ने-आण बिनबोभाट होते, ही गोष्ट खरी; परंतु छायाचित्रात मोजे घातलेले हात फार नीटनेटके दिसतात.

कॅथेटरच्या, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घातलेल्या नळीच्या, बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. नळी जितके दिवस आत राहील तितका मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढत जातो, हे परिचारिकेला माहीत असते. ती काढण्याचा आदेश मात्र बहुधा डॉक्टरांनी लिहायचा असतो, आणि राउंडच्या घाईत पांघरुणाखालची नळी कोणाच्या ध्यानात राहत नाही. अशा वेळी ‘सर, अजून ठेवायची आहे का?’ असे विचारणारी परिचारिका आगाऊ समजावी. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांनी नेमकी येथेच चूक केली. मोठ्या शिरेत नळी घालताना डॉक्टरांकडून हात धुणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे यांसारखी पायरी गाळली गेली, तर त्यांना तेथल्या तेथे थांबवण्याची मुभा परिचारिकांना देण्यात आली. शिवाय नको असलेली नळी काढण्याविषयी रोज विचारणा होऊ लागली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिरेतल्या नळीमुळे रक्तात होणारे संसर्ग १८ महिन्यांत सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. संसर्ग घटले हे ठीकच, पण डॉक्टरांना थांबवण्याचा प्रघात आपल्याकडे पडणार नाही याची काळजी घ्यावी.

प्रशिक्षण मात्र अवश्य ठेवावे, शक्यतो रात्रपाळी संपल्यानंतर लगेच, म्हणजे हजेरी आयतीच मिळते. भिंतीवर हात धुण्याचे रंगीत चित्र लावावे. त्याखाली बेसिन असण्याची सक्ती नाही. सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली की गुण वाढलेले दिसतील. संसर्ग होते तेवढेच राहिले असतील, पण त्यांचा तक्ता वेगळ्या फायलीत असतो.

प्रश्नावलीच्या शेवटी ‘इतर सूचना’साठी अर्धी ओळ सोडावी. तेथे कोणी ‘प्रत्येक खाटेजवळ हँडरबची (हातांना चोळायच्या द्रावणाची) बाटली हवी, असलेल्या बाटल्या वेळेवर भरल्या जाव्यात’ असे बारीक अक्षरांत लिहिलेच, तर ते ‘दृष्टिकोन’ या रकान्यात नकारात्मक म्हणून नोंदवावे.