ऑफ सीझन म्हणे!

आमच्या संस्थेच्या सकाळच्या मीटिंगमध्ये एक ट्रस्टी म्हणाले, "आता ऑफ सीझन आहे, डोनर्सना उगाच त्रास नको, दिवाळीच्या सुमारास बघू." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. ऑफ सीझन महाबळेश्वरच्या हॉटेलांना असतो हो! गोवंडीत आमच्या अभ्यासिकेत आत्ता गळतीखाली बादली लावलीय, ती भरली की ठेवायला दुसरी तयार आहे, आणि चाळीस पोरं उरलेल्या कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलीयत. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, वह्या, दप्तरं, रेनकोट सगळं तेव्हाच लागतं, आणि पैसा येतो कधी तर मार्चमध्ये, कारण तेव्हा लोकांना ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, आठवतं आणि मोठ्या कंपन्यांना सीएसआरचे, म्हणजे नफ्यातून समाजकामावर खर्चायचे, २ टक्के संपवायचे असतात. मार्चअखेरीला दिवसातून तीनदा फोन करून "पावती आजच्या आज पाठवा" म्हणणारे साहेब एप्रिलमध्ये ओळखही देत नाहीत.

पण खरं सांगू, आपण तरी काय वेगळं करतो?

गिरगावच्या काकूंचं इथे आधी लिहिलंय का आठवत नाही, परत लिहिते. दर मार्चला १५०० रुपयांचा चेक, सलग पाच वर्षं. आणि आमच्याकडून त्यांना काय, तर मार्चमध्ये "करबचतीची शेवटची संधी"वाला मेसेज, मे महिन्यात १०बीईचं, म्हणजे करसवलतीसाठी लागणारं देणगीचं, सर्टिफिकेट, विषय संपला. गेल्या पावसाळ्यात मी ताडपत्रीवाल्याला फोन लावत होते, आडनाव एकच, लागला काकूंना. पलीकडून आवाज, "अगं बाई, मार्च आला पण?" टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आता चुकून लागला म्हणून ठेवायचा कसा, म्हणून बोलत बसले, गळतीचं सांगितलं, पोरांचं सांगितलं, त्यांच्या गुडघ्यांचं ऐकलं. पैसे नाही मागितले, तोंडच नव्हतं मागायला.

आठ दिवसांनी बाई स्वतः हजर! ते गुडघे घेऊन, भर पावसात, सीएसएमटीहून हार्बर लोकल पकडून. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला खाकी कागदाचा रोल. म्हणाल्या, वह्या आणा पोरांच्या. दोन तास बसून कव्हरं घालत होत्या, कडा नखानं दाबून दाबून, कोपऱ्याला त्रिकोणी घडी घालून आत खोचून, वर लेबलावर वळणदार अक्षरात प्रत्येकाचं नाव. एका पोरीनं ती वही तीन दिवस घरी नेली नाही, भिजेल म्हणून.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर उत्तर काय, "एका काकूंवर संस्था चालत नाही." बरं, नाही चालत. त्या आता दरमहा ३०० देतात, त्यात आमचं लाइटबिलही निघत नाही. सीएसआरवाल्यांना वरून मंजुरी लागते, नवीन टॅक्स रिजीम घेतला तर ८०जीची सूटच मिळत नाही, जुलैत ज्याच्या त्याच्या घरी फीचे हप्ते चालू, सगळं मान्य. पण सूटच गेली तर माणूस देणार कशासाठी, ओळख असेल तरच ना? वर्षभर विचारायचं नाही आणि एकदम पत्रिका धाडायची, हे लग्नाकार्यातसुद्धा चालत नाही, लोक तोंडावर बोलून दाखवतात!

आणि तुम्ही पण, होय तुम्हीच. जानेवारीत मॅरेथॉनला संस्थेसाठी धावता, ऑक्टोबरात दान उत्सवाला, त्या देणगीच्या आठवड्याला, खेळणी घेऊन येता, पोरांबरोबर फोटो काढता, चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. मधल्या महिन्यांत कुठे असता? जाऊ दे. तुम्हाला तरी मी कुठे फोन केला.

कारण झालं असं की दुपारी काकूंचाच फोन आला. "यंदा कव्हरं नाहीत का गं?" मी तेव्हा एका कंपनीसाठी पीपीटीत इम्पॅक्टचे हिरवे बाण वर चढवत बसले होते. जून गेला, अर्धा जुलै गेला, मी त्यांना एकदाही फोन केलेला नाही. वर ट्रस्टींवर एवढं तोंडसुख घेतलंय ते आत्ता परत वाचलं. खोडत नाही, राहू दे, पण निम्मं मलाच लागू आहे.

तर काकू शनिवारी ११ वाजता येतायत. मी उद्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाऊन खाकी कागद आणि लेबलं आणणार आहे. चाळीस पोरांच्या सहा-सहा वह्या, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. ज्यांना जमेल त्यांनी या, गोवंडी स्टेशनला उतरून मला फोन करा, घ्यायला येते. पैसे मागणार नाही, शप्पथ. कात्री मात्र घरून आणा, आमच्याकडे एकच आहे आणि ती पण बोथट.