नोड लावायला 12 शब्द लागत नाहीत

रविवारी राजारामपुरीत मामांकडे जेवायला गेलो, तर मामांनी ताटावरच मोबाइल पुढं केला. 'घरच्या लॅपटॉपवर बिटकॉइनचा फुल नोड बसवा, महिन्याला 8 टक्के घ्या. लाइट नोड बोगस असतो. सेटअपसाठी वॉलेटचे 12 शब्द आमच्या माणसाला पाठवा.' फुल नोड म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक; लाइट नोड त्यातली थोडीच माहिती ठेवतो. शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य घालवून मिळालेल्या फंडातले दोन लाख ते यात घालायला निघाले होते. त्यांच्या पेठेतल्या तिघा मित्रांनाही हाच मेसेज आलाय, म्हणून लिहितोय.

आधी ते 12 शब्द. या शब्दांपासूनच वॉलेटची, म्हणजे बिटकॉइन सांभाळणाऱ्या ॲपची, किल्ली तयार होते. शब्द ज्याच्याकडे, पैसे त्याचे. मग ना बँक खातं गोठवणार, ना कुणी व्यवहार उलटवणार. आणि नोडला त्यांची गरजच नसते. नोडचं सॉफ्टवेअर, बिटकॉइन कोअर, फुकट मिळतं, वॉलेट न उघडताही चालतं, आलेला प्रत्येक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, नियमात बसतो का एवढं तपासतं. विजेचं मीटर बसवायला आलेल्यानं तिजोरीची किल्ली मागितली, तर मामांनी त्याला उंबरा ओलांडू दिला असता का? मग इथं का द्यायची?

8 टक्के? बिटकॉइनच्या फुल नोडला एक पैसा मिळत नाही. नवे बिटकॉइन मिळतात ते नवा ब्लॉक जोडायची शर्यत जिंकणाऱ्या मायनरला, एप्रिल 2024 पासून ब्लॉकमागे 3.125 बिटकॉइन. त्याला खास यंत्रं लागतात, घरचा लॅपटॉप तिथं टिकत नाही. वर फुल नोडला 600 जीबीहून जास्त जागा जाते. जागा नसेल तर प्रून्ड नोड लावा: तोही सगळं तपासतो, फक्त जुने ब्लॉक टाकून देतो.

लाइट नोड बोगस म्हणणाऱ्यानं बिटकॉइन काढणाऱ्या सातोशी नाकामोतोचा 2008 चा मूळ लेख उघडलेला नाही. त्याच्या आठव्या भागात हीच पद्धत सांगितलीय: अख्खे ब्लॉक न ठेवता फक्त त्यांची शीर्षं ठेवायची. ब्लॉकचं शीर्ष 80 बाइटचं, दहा मिनिटाला एक, म्हणजे वर्षाला 4.2 एमबी. मोबाइलवर सहज मावतं. सगळे नियम तो स्वतः तपासत नाही, हे मान्य. त्यानं तो बोगस ठरत नाही.

एक गोष्ट कबूल करतो: काही नेटवर्कवर नोडवाल्याला खरंच मोबदला मिळतो. इथेरियम हे बिटकॉइनसारखंच दुसरं नेटवर्क सप्टेंबर 2022 पासून व्हॅलिडेटरवर, म्हणजे ठेव ठेवून ब्लॉक तपासणाऱ्यांवर, चालतं. पण त्यासाठी किमान 32 ईथर (तिथलं चलन) अडकवावे लागतात, मोबदल्याचा दर कमीजास्त होतो, वीज जाऊन नोड बंद पडला की थोडं कापलं जातं, नियम मोडला तर ठेवीलाच कात्री लागते. महिन्याला ठरलेले 8 टक्के तिथंही कुणी देत नाही.

मामांनी ते शब्द कालनिर्णयच्या पानामागं लिहून त्याचा फोटो शनिवारीच पाठवला होता. वॉलेटमध्ये अजून रुपयाही टाकला नव्हता, म्हणून वाचलो. तुम्हीही पाठवले असतील तर पासवर्ड बदलून भागणार नाही. नवं वॉलेट काढा, नवे शब्द घ्या, असेल ती रक्कम आत्ता तिकडं हलवा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.