‘तिकडे कर कापला, मग इकडे कशाला दाखवायचं?’

रिटर्नचा हंगाम आला की नागपूरच्या मिहानमधल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: अमेरिकी शेअरच्या डिव्हिडंडवर (लाभांशावर) तिथेच २५ टक्के कापतात, पैसा भारतात आलेला नसतो आणि २० लाखांपर्यंत सूट आहे, तेव्हा रिटर्नमध्ये काही दाखवू नका.

‘तिथे कापला’ हे खरंच आहे. पण इथल्या सामान्य निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-अमेरिका करारामुळे उत्पन्न माफ होत नाही, फक्त तिथल्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो इथल्या करातून वजा होतो. समजा १०० डॉलर डिव्हिडंड होता आणि खात्यात ७५ जमा झाले. दाखवायचे १००, बहुतेक जण इथेच घसरतात. डॉलरचे रुपये करायचा दरही गुगलवरचा चालत नाही. डिव्हिडंडच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँक परदेशातून आलेले डॉलर ज्या दराने विकत घेते तो, घ्यायचा. हिशेबापुरते ८५ धरा: उत्पन्न ८,५०० रुपये, अमेरिकेत गेले २,१२५. या उत्पन्नावर इथला कर १,७०० निघाला तर क्रेडिट तेवढंच. वरचे ४२५ बुडाले, रिफंड नाही. आणि क्रेडिटसाठी फॉर्म ६७ भरावाच लागतो. तो राहिला की क्रेडिट नाकारलं जातं, मग बसा अपील करत.

‘पैसा आणलाच नाही’ याने काही फरक पडत नाही. ब्रोकरच्या खात्यात आला म्हणजे मिळाला, त्याचे लगेच शेअर घेतले तरी.

‘२० लाखांपर्यंत सूट’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. परदेशी मालमत्ता लपवली तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो लागत नाही. सुटला तो दंड, शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) नाही. कर तर नाहीच नाही. एफएमध्ये जानेवारी ते डिसेंबर चालतं, डिव्हिडंडचं उत्पन्न एप्रिल ते मार्च. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत, ओढूनताणून जुळवूही नका. आणि एकच शेअर असला तरी रिटर्नचा आयटीआर-१ फॉर्म बाद, आयटीआर-२ घ्या.

‘त्यांना कुठून कळणार’ हे मेसेजमध्ये नसतं, टपरीवर तर्री पोहे खाताना बोललं जातं. भारतीय महसूल सेवेचे (आयआरएस) प्राप्तिकर अधिकारी जिथे घडतात ती अकादमी आपल्याच छिंदवाडा रोडवर आहे बाप्पा! अमेरिकेशी खात्यांची माहिती देण्याघेण्याचा करार २०१५ चा. नोव्हेंबर २०२४ मध्ये विभागाने त्याच माहितीवरून लोकांना एसएमएस आणि ईमेल पाठवले. तसा एखादा इनबॉक्समध्ये पडला असेल, तर मुदत आहे तोवर सुधारित रिटर्न भरता येतो.