रात्री तीनची ड्युटी

जनरेटर आपोआप सुरू होणं ही ज्याला सोय वाटते, त्याने तो रात्री तीन वाजता स्वतःच्या गादीखाली सुरू झालेला ऐकलेला नाही. आधी एक आचका. मग कपाटातल्या ताटल्यांची थरथर. मग असा काही आवाज, की सासूबाई झोपेतच "आला वाटतं टँकर" म्हणाल्या आणि कूस बदलून पुन्हा झोपल्या.

मी मात्र उठलो, कारण दार वाजत होतं. बाहेर कॅम्पग्राउंडची देखरेख करणाऱ्या होस्टबाई, हातात टॉर्च, अंगात जाकीट, चेहऱ्यावर अमेरिकन माणूस फार रागावला की येतं ते हसू. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, आपल्याला माहीत असेलच, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मी लावलेला नाही, तो आपणहून लागला. यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

जागा : कॅलिफोर्नियातलं जोशुआ ट्री नॅशनल पार्क, कॉटनवूड कॅम्पग्राउंड, जानेवारी. सासरे-सासूबाई साताऱ्याहून आलेले, म्हणून लॉस एंजेलिसमधून मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतलेलं. हॉटेल स्वस्त पडलं असतं, हे बायकोला सांगून झालं आहे. शिवाय ज्यासाठी आलो ती जोशुआची झाडं पार्कच्या वरच्या अंगाला, मोहावी वाळवंटात. कॉटनवूड खाली कोलोरॅडो वाळवंटात, तिथे एकही नाही. "ते झाड कुठलं हो?" असं सासूबाई दर झुडपापाशी विचारायच्या आणि मी दर झुडपापाशी "हे नव्हे" म्हणायचो.

या कॅम्पग्राउंडात विजेची जोडणी नाही. जनरेटर लावायची मुभा सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हा फलक वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. अण्णा वीज मंडळातून निवृत्त. भारनियमनाच्या वेळापत्रकापायी उभ्या तालुक्याच्या शिव्या खाल्लेला माणूस. "बघा जावईबापू," ते म्हणाले, "अमेरिका असून यांनाही जमलं नाही." त्यानंतर मुक्कामभर ते कमालीच्या खुशीत होते.

आता थोडं तांत्रिक, कारण एवढा त्रास सोसल्यावर ते सांगायचा मला हक्क आहे. मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन प्रकारच्या. एक इंजिनाची, बाकीच्या घराच्या. घरातला हीटर चालतो गॅसवर, पण त्याचा पंखा बॅटरीवर. फ्रिजही गॅसवर. ज्योत पेटवून गार होणारी ही वस्तू अण्णांना अजूनही पटलेली नाही, पण तिच्याही सर्किटला बॅटरी लागतेच. रात्री पारा शून्याकडे सरकला की हीटरचा पंखा रात्रभर घरघरतो आणि बॅटरी उतरते. व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की जनरेटर स्वतः सुरू व्हावा आणि बॅटरी भरावी, अशी योजना. रात्री सुरू होऊ नये म्हणून पॅनलवर शांततेचे तास भरून ठेवायचे. आमच्या पॅनलवर ते रीतसर भरलेलेच होते, रात्री १० ते सकाळी ७. तरीही दिवसा हा गृहस्थ ढिम्म हलायचा नाही, बटण दाबून उठवावा लागायचा, आणि रात्री तीनला कामावर हजर.

मदतीचा नंबर डॅशबोर्डवर चिकटवलेला होता. तिथे रेंज नाही. म्हणून भांडी आवरून, खुर्च्या घडी करून, सासूबाईंच्या वाळत घातलेल्या साडीसकट सगळं घरच चालवत हायवेपर्यंत नेलं. फोन लागला. पलीकडचा म्हणाला, व्होल्टेज किती दिसतंय? तेरा पॉइंट आठ, मी म्हणालो. मग उत्तम आहे की! अरे बाबा, इंजिन चालू आहे, अल्टरनेटर बॅटरी भरतोय, आत्ता उत्तमच दिसणार. तो म्हणाला, रीसेट करून बघा. आम्ही घर घेऊन परत आलो.

आणि मग शेजारचा म्हातारा आला.

दोन दिवस तो आपल्या गाडीबाहेर घडीच्या खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होता. बाथरोब, पायात लोकरी मोजे आणि सपाता, गळ्यात मल्टिमीटर. तो आला, बॅटरीच्या कप्प्यापाशी थांबला आणि म्हणाला, "विश्रांती दिली होती का?"

कुणाला?

"बॅटरीला. चार्जिंग थांबल्यावर तीन-चार तास तिला कुणी त्रास द्यायचा नाही. मग मोजायचं. १२.६ म्हणजे भरलेली. बाराच्या खाली म्हणजे निम्म्याहून जास्त संपली. चार्जरवरून काढल्या-काढल्या दिसतो तो आकडा खोटा."

मी म्हणालो, हीटर बंद ठेवून तिला चार तास विश्रांती दिली, तर आत चार माणसं गारठतील. म्हाताऱ्याने माणसांच्या प्रश्नात लक्ष घातलं नाही. मग त्याने रोबच्या खिशातून वही काढली. तीत आमचा जनरेटर किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता बंद पडला, याची रात्रवार नोंद होती. मिनिटांसकट. शेवटच्या रकान्यात वाऱ्याची दिशा.

माझं डोकं सणकलं. हा मनुष्य रात्री तीनला आमच्यावर पाळत ठेवून लिहीत बसला होता! मी काही बोलणार, तोच मागून अण्णांचा आवाज आला, गहिवरलेला. "लॉगबुक ठेवलंय हो त्याने!"

त्यानंतर मी फक्त दुभाष्या उरलो. म्हातारा म्हणाला, एकेक सेल तपासायला हवा, पण मी दुसऱ्याच्या गाडीला हात लावत नाही, उद्या कोर्टकचेरी कोण करणार. असं म्हणून त्याने हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायची नळी, अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो उजेडात धरून पाहिला. सबस्टेशनच्या बॅटरी रूममध्ये त्यांनी वर्षानुवर्षं सेलची ग्रॅव्हिटी लिहिलेली. त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या, मला "तुम्ही लांब व्हा, ॲसिड असतंय" म्हणाले आणि एकामागून एक झाकणं उघडून आकडे पुकारू लागले. बाराशे पन्नास. बाराशे पंचेचाळीस. म्हातारा वहीत उतरवत होता. एकाला मराठी कळत नाही, दुसऱ्याला इंग्रजी जेमतेम, पण आकडा दिसला की दोघंही एकदम "हं" म्हणत. एका सेलला अकराशे पन्नास आला. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

"गेलाय," अण्णा म्हणाले. म्हातारा इंग्रजीत तेच म्हणाला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण कुणाला गरज नव्हती.

म्हणजे बॅटरी लवकर का उतरते ते कळलं. त्यात ही शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि उरलेल्या वीस टक्क्यांना तासन्‌तास लावते. पार्कच्या दोन-दोन तासांत ती पूर्ण भरणं शक्यच नव्हतं. पण रात्रीच का? म्हाताऱ्याने कानामागे पेन्सिल खोवली आणि विचारलं, "तुमच्या पॅनलच्या मते आत्ता किती वाजलेत?"

सकाळचे दहा वाजून गेले होते. पॅनलच्या मते रात्रीचे दहा वाजून गेले होते.

घड्याळ बरोबर बारा तास उलटं. कंपनीच्या आवारात गाडी पडून असते तेव्हा बॅटरी तोडून ठेवतात, पॅनलचं घड्याळ पुसलं जातं, आणि पुन्हा जोडताना ज्याने वेळ लावली त्याने सकाळ-संध्याकाळ बघितली नाही. त्यामुळे आमचा जनरेटर दिवसभर शांतता पाळत होता आणि रात्री तीनला, भर दुपार समजून, इमानेइतबारे कामाला लागत होता. एका माणसाचं दोन मिनिटांचं काम. त्यापायी होस्टबाईंची ती नजर मी खाल्ली.

विनोद इथे संपला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण गाडी परत करायला गेलो, तर काउंटरवरच्या पोराने जनरेटरचं मीटर वाचलं आणि तासाच्या दराने पैसे डिपॉझिटमधून कापले. रात्री आपोआप चालला त्या तासांसकट. तुमचं घड्याळ चुकीचं होतं, तुमचा सेल गेलेला होता, मी म्हणालो. तो म्हणाला, मीटर तर बरोबर आहे ना सर. यावर काय बोलणार? वर त्याने बॅटरीची झाकणं उघडल्याबद्दल काळजी व्यक्त केली, ती इन्शुरन्समध्ये बसत नाही म्हणे.

अण्णा पुढे झाले. "सुरुवातीचं रीडिंग कुणी घेतलं? ग्राहकाची सही कुठंय?" मी ते इंग्रजीत विचारलं. कागदावरचा तो रकाना कोरा होता. पोरगा म्हणाला, सिस्टिममध्ये आहे. सिस्टिम आम्हाला दाखवता येत नाही. अण्णांनी खिशातून म्हाताऱ्याने उतरवून दिलेली नोंद काढली, रात्रवार, मिनिटांसकट. पोराने तिचा फोटो काढला आणि मॅनेजरला पाठवतो म्हणाला.

मॅनेजर ती अजून वाचताहेत. अण्णा साताऱ्याला परतले. दर रविवारी त्यांचा फोन येतो. नातवंडांची चौकशी नंतर, आधी अर्जाचं काय झालं ते विचारतात. उत्तर नाही आलं म्हटलं, की म्हणतात, "आवक क्रमांक घेतलात का?"