खुलासा: सर्वात लहान खेळाडू पॉल ॲलन नव्हे, कर्टिस वेस्टन

एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळलेला वयाने सर्वात लहान खेळाडू म्हणून वेस्ट हॅम क्लबच्या पॉल ॲलनचं नाव आजही पुढे केलं जातं. ते चुकीचं आहे. १९८० साली ॲलन १७ वर्षं २५६ दिवसांचा होता, पण १८७९ मध्ये क्लॅपम रोव्हर्सकडून उतरलेला जेम्स प्रिन्सेप त्याच्याहूनही अकरा दिवसांनी लहान होता. हा विक्रम मोडला मिलवॉल क्लबचा मिडफिल्डर कर्टिस वेस्टन याने. २२ मे २००४, कार्डिफ. मँचेस्टर युनायटेड ३-० ने पुढे, सामना संपत आलेला. खेळाडू-व्यवस्थापक डेनिस वाइज स्वतः बाहेर आला आणि आपल्या जागी या पोराला उतरवलं. वय १७ वर्षं ११९ दिवस.

‘त्यानंतर तो गायबच झाला,’ असंही सर्रास म्हटलं जातं, आणि हे मला जास्त खटकतं. तो गायब झाला नाही, खालच्या विभागांत वर्षानुवर्षं घाम गाळत राहिला. गिलिंगहॅमबरोबर २०१२-१३ मध्ये लीग टू (इंग्लंडमधला चौथा विभाग) जिंकली, २०१४-१५ मध्ये बार्नेटसोबत कॉन्फरन्सचं (पाचव्या विभागाचं) विजेतेपद. पुढे चेस्टरफील्डकडूनही खेळला. टीव्हीवर हे सामने फारसे दिसत नाहीत, एवढंच.