माझे केस आणि कुवाहारा

परवा रात्री माझ्या एका बऱ्या आलेल्या फोटोला मोबाइलवर ऑइल पेंटिंगचा फिल्टर लावला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मामांचा फोन.

"कोणी काढलं रे चित्र?"

"मोबाइलने, मामा. फिल्टर आहे."

"ते असू दे. माणूस हिमतीचा आहे. तू इतकी वर्षं ते चार केस डावीकडून उजवीकडे ओढतोस, आम्ही सगळे बघतो, बोलत कोणी नाही. याने सरळ उडवले. गिऱ्हाइकाची भीड नाही ठेवली."

"मामा, माणूस नाहीये तो!"

"घेतले किती?"

"फुकट आहे."

"मग बरोबर. फुकटात एकेक केस कोण काढत बसणार? थोडे पैसे सोड, घालून देईल."

फोन ठेवून फोटो मोठा करून पाहिला. केस खरंच गायब. चष्मा मात्र नव्यासारखा लखलखीत.

असल्या फिल्टरांच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे 1976 चा कुवाहारा फिल्टर. जन्म चित्रकलेसाठी नव्हे, हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करायला. प्रत्येक ठिपक्याभोवतीचे चार चौकोन बघायचे, ज्यात चढउतार सगळ्यांत कमी त्याची सरासरी त्या ठिपक्याला द्यायची. ठळक कडा शाबूत राहतात, बारीकसारीक गाळ जातो. चष्मा म्हणजे कड. माझे केस म्हणजे गाळ.

मग दुसरी तऱ्हा करून पाहिली, 2015 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी दाखवलेली. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा संगणकी प्रोग्रॅम, व्हॅन गॉगच्या 1889 च्या 'स्टारी नाइट' या भोवऱ्याभोवऱ्यांच्या आकाशाच्या चित्राची शैली कशावरही चढवतो. मोकळी जागा दिसली की भोवरे. आणि माझ्याकडे मोकळी जागा कुठे आहे, हे आता अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे.

2016 मध्ये फोटोची अशी चित्रं करणारं प्रिझ्मा हे अ‍ॅप आलं तेव्हा सुरुवातीला फोटो दूरच्या सर्व्हरवर जायचा, म्हणजे बेअब्रू निदान परक्यांकडून व्हायची. आता ती माझाच फोन, माझीच बॅटरी जाळून, तापून तापून करतो. 'तीव्रता' नावाची पट्टी शून्यावर नेली की केस परत येतात म्हणा, पण मग तो नुसता फोटो. तो तर होताच की माझ्याकडे! मला कोणी सांगितलं होतं?

आज सकाळी मामांचा निरोप : "त्या चित्रकाराला विचार, माझ्या कपाळावरचं आवाळू घालवेल का."

आवाळू चांगलं लिंबाएवढं आहे. कड ठळक. जाणार तर नाहीच, उलट उठून दिसेल.

मी लिहिलंय, "फोटो पाठवा."